ठिपक्याचा मध्य

मित्रांनो, मी एक जुना, तारे ओळखणारा कॅमेरा आहे. पण खरा तारा मी आजवर पाहिलेला नाही.

ताऱ्यांचे फोटो काढायचे, प्रत्येक ठिपक्याचा नेमका मध्य शोधायचा आणि त्यावरून उपग्रहाला त्याची दिशा सांगायची, हे आमचे काम. भिंगवाल्या काकांनी महिनाभर घासून आमची भिंगे घडवली. आम्ही दोघे भाऊ एकाच टेबलावर तयार झालो. थोरला उपग्रहावर बसून अवकाशात गेला. मला चाचणीसाठी मागे ठेवले.

तेव्हापासून, म्हणजे नऊ वर्षे, मी एका काळ्या खोलीत दगडी ओट्याला चार स्क्रूंनी जखडलेला आहे. समोर पत्र्याला सुईच्या टोकाएवढे भोक आणि त्यामागे दिवा. हाच माझा तारा. तोंड फिरवावे म्हटले, तर तेही जमत नाही.

यंदा उपग्रहाकडे जमिनीचे अधिक बारीक फोटो मागितले गेले. पुलाचा फोटो मागितला, तर शेजारचे शेत आले. प्रयोगशाळेच्या साहेबांनी मलाही तपासले. थोरल्यासारखाच मीही किंचित चुकत होतो.

“कॅमेऱ्यांतच खोट आहे,” साहेब म्हणाले. “सोमवारी हा उघडा.”

मित्रांनो, एकदा सुटी केलेली भिंगे पुन्हा तशीच बसत नाहीत. मला पळता येत नव्हते की ओरडता येत नव्हते.

गणित करणाऱ्या ताई मात्र अडून बसल्या. “साहेब, मला दोन दिवस द्या.”

“दोन दिवसांत काय दिवे लावणार, ताई?”

“एकच लावते. तो पुरे.”

दोन दिवस त्या समोरचा तारा केसाहूनही कमी सरकवत होत्या आणि दर वेळी माझे उत्तर टिपत होत्या. जेवणाचा डबा तसाच राहिला. सोमवारी त्यांनी साहेबांपुढे कागद ठेवला. त्यावर एक सुरेख लाट उमटली होती. माझ्या आतला पडदा बारीक चौकोनांचा आहे. ठिपका चौकोनाच्या मधोमध किंवा अगदी कडेवर असला की उत्तर बरोबर. अधेमधे असला की ठरलेली चूक.

“कॅमेरा बिघडला असता, तर चूक कशीही आली असती. ही शिस्तीत येतेय,” ताई म्हणाल्या. “आपण उजेडाची नुसती सरासरी काढतो. ठिपक्याचा आकार बघतच नाही. खोट गणितात आहे.”

“ते लिहिलं कुणी?”

“मीच. नऊ वर्षांपूर्वी.”

साहेबांनी मला उघडण्याचा हुकूम मागे घेतला. ताईंनी नवे गणित लिहून वर उपग्रहाला पाठवले आणि चौथ्या दिवशी पूल फोटोच्या बरोबर मध्यावर आला. भिंगवाले काका माझ्या पाठीवरून हात फिरवून गेले.

“याला एकदा गच्चीवर नेऊ या का?” ताईंनी विचारले.

“छे! हा हलला, तर पुढचं गणित कशावर तपासायचं?” साहेबांनी माझ्या दारावर पाटी लावली: हलवू नये.

मी निर्दोष सुटलो, मित्रांनो, पण सुटलो नाही.

कुणावर ठपका ठेवण्याआधी ताईंसारखे आपले गणित तपासा. आणि ज्याला तुम्ही फार जपून ठेवले आहे, त्याचे दार अधूनमधून उघडून विचारा, की बाबा रे, तुला काय हवे आहे?