बाजेखालून बुध

महिपती बाबर सोलापुरातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचा आणि सुट्टीत सूर्याचे फोटो काढायचा. म्हणजे, काढायला बघायचा. दुर्बीण त्याची स्वतःची. चष्मेवाल्याकडून भिंगं आणून पत्र्याच्या नळीत बसवलेली. कॅमेरा मात्र उसना, गल्लीच्या तोंडाशी फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या सिद्धलिंगप्पाचा. सिद्धलिंगप्पानं त्या उन्हाळ्यात हैदराबादहून नवे फिल्टर आणले होते. महिपतीनं पिवळा लावला, तर फोटोत नुसता पांढरा भगभगीत डाग. लाल लावला, तर तोच डाग जरा लहान. दोन्ही एकावर एक लावले तेव्हा लालाला उन्हानं तडा गेला आणि सिद्धलिंगप्पा दोन दिवस बोलला नाही. शेवटी वेल्डिंगवाल्याकडची काळी काच दुर्बिणीच्या तोंडाला बसवली, तेव्हा कुठं सूर्य गोल आला.

अशात पेपरात बातमी आली. नऊ मे १९७०, शनिवार. बुध ग्रह सूर्यासमोरून जाणार. सकाळी दहाच्या आत सुरुवात, संध्याकाळी पावणेसहाला शेवट.

"आठ तास!" महिपती बायकोला म्हणाला. "आणि मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन! आंधळ्यालासुद्धा फोटो येईल."

शकुंतला गहू निवडत होती. "शनिवारी परसात कुरडया आहेत," ती म्हणाली.

"कुरडया रविवारी कर."

"गहू आज भिजत घातले की शनिवारीच चीक शिजवायचा. नाहीतर आंबतो. तुमच्या बुधाला सांगा रविवारी यायला."

बुधाला सांगता येत नव्हतं. सोजरबाई, म्हणजे महिपतीची आत्या, खास कुरडयांसाठी मंद्रूपहून आली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पर शनवारी बुध कुटनं येतोय? बुधवार तर कवाच गेला की."

महिपतीनं तिला पेन्सिलीनं आकृती काढून दाखवली. आत्यानं आकृती उलटसुलट करून पाहिली. "व्हय व्हय," ती म्हणाली, आणि कागद पोळपाटाखाली सरकवला, कारण पोळपाट डुगडुगत होता.

शनिवारी सकाळी दहाला महिपतीनं परसातून दुर्बिणीत पाहिलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. सूर्याच्या कडेला सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका होता. पण फोटो घ्यायचा तर कॅमेरा दुर्बिणीच्या बुडाला सायकलच्या ट्यूबनं घट्ट बांधावा लागे, आणि तो बांधला की दुर्बिणीचं तीन पायांचं तिकाटणं एका बाजूला कलंडे. तीनदा कलंडलं. साडेअकरा वाजले. सूर्य डोक्यावर चढत चालला, आणि नळी सरळ वर उभी करायची तर खाली कॅमेऱ्याला जागाच उरेना.

तेव्हा त्याला सुतळीची बाज दिसली. परसाच्या मधोमध, लिंबाच्या सावलीबाहेर, वर जुनं लुगडं आणि लुगड्यावर ओल्या कुरडयांच्या पाच रांगा. लुगड्याला एका ठिकाणी भोक होतं.

"फक्त चार कुरडया हलव," तो शकुंतलेला म्हणाला.

"कशाला?"

"विज्ञानाला."

शकुंतलेच्या हातात गरम चिकानं भरलेला सोऱ्या होता, वाद घालायला वेळ नव्हता. तिनं चार कुरडया हलवल्या. महिपतीनं सुतळ्या फाकवून नळी भोकातून खाली घातली. विणीनं ती अशी पकडली की तिकाटण्यानं लाजावं. मग तो बाजेखाली उताणा शिरला. वर सावली, पाठीखाली गार जमीन, तोंडाशी कॅमेरा. नळीची सावली अगदी आखूड झाली की नेम बरोबर, एवढाच हिशोब. वेल्डिंगच्या काचेचा दुसरा तुकडा डोळ्याशी धरून भोकाच्या उरलेल्या फटीतून तो सूर्यावर नजर ठेवू लागला. त्याला वाटलं, मोठमोठ्या वेधशाळांतून तरी याहून काय जास्त सुख असेल?

आणि ढग आले.

मे महिन्यात बाराच्या ठोक्याला सोलापुरात ढग! एक पांढरा गठ्ठा विजापूरच्या अंगानं आला आणि सूर्यावर बसला. काळ्या काचेतून सगळा अंधार.

"गेला!" महिपती बाजेखालून कळवळून ओरडला.

शेजारची चंद्रव्वा भिंतीपलीकडे तिच्या कुरडया चादरीनं झाकत होती. तिला वाटलं, मास्तर दुर्बिणीतून आभाळ बघतायत, ढग गेला म्हणतायत, तर गेलाच असणार. तिनं चादर परत काढली. तिचं बघून पुढच्या घरातल्या बायकांनीही काढल्या.

पाच मिनिटांनी ऊन पडलं.

"आला! आला!" महिपती आनंदानं किंचाळला आणि बटण दाबलं.

"आला गं बाई पाऊस!" चंद्रव्वा ओरडली. गल्लीभर पळापळ झाली. कडकडीत उन्हात बायकांनी कुरडया घरात नेल्या. जेमतेम शेवटची परात आत गेली, तेवढ्यात महिपती पुन्हा हताश आवाजात म्हणाला, "गेला."

बायकांनी परत बाहेर मांडल्या.

असं चारदा झालं. पाचव्या वेळी चंद्रव्वा परात कमरेवर घेऊन थेट बाजेशी येऊन उभी राहिली. "मास्तर, नीट एकदा सांगा. काय आला, काय गेला?"

"सूर्य!" बाजेखालून उत्तर आलं.

"सूर्य आम्हाला दिसतो की! ढगाचं सांगा!"

"ढग आला की सूर्य गेला."

"मग आला म्हणता तेव्हा?"

"ढग गेला."

चंद्रव्वानं परात खाली ठेवली आणि कन्नडमध्ये बरंच काही म्हटलं. महिपतीला त्यातलं निम्मं समजलं. तेवढं पुरेसं होतं.

वळीव एरवी चारच्या पुढे येतो. त्या दिवशी तो दीडलाच आला, आधी धुळीचा लोट आणि मग टपोरे थेंब. महिपतीनं बाराव्या, शेवटच्या फोटोचं बटण दाबलं, तोच शकुंतला आणि आत्यानं बाज दोन्ही टोकांनी उचलली. कॅमेरा नळीला, नळी बाजेला. महिपती कॅमेरा दोन्ही हातांनी धरून बाजेखालून गुडघ्यांवर पळत निघाला.

"हळू! हळू!"

"कुरडया भिजतायत!" शकुंतला म्हणाली आणि वेग वाढवला.

उंबऱ्यावर त्याचा एक गुडघा सोलला. कुरडया वाचल्या, फक्त सात फुटल्या. कॅमेराही वाचला.

सोमवारी सिद्धलिंगप्पानं स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुऊन फोटो छापले. आठ फोटो ढगांचे, म्हणजे काळे. एकात सूर्य अर्धाच. उरलेल्या तीन फोटोंत मात्र पूर्ण वाटोळा सूर्य, आणि त्यावर बारीक, रेखीव ठिपका. बुध! महिपतीनं सिद्धलिंगप्पाला मिठी मारली.

"मास्तर," सिद्धलिंगप्पा म्हणाला, "दुसरा कोण आहे?"

दुसराही ठिपका होता. बुधाच्या कितीतरी पट मोठा. पहिल्या फोटोत तो उजव्या कडेला, दुसऱ्यात मध्यावर, तिसऱ्यात डावीकडे वर. पेपरात याचा उल्लेख नव्हता. कुणालाच ठाऊक नसलेलं काहीतरी त्यानं बाजेखालून टिपलं होतं! त्या अर्ध्या मिनिटात त्यानं मनातल्या मनात त्याचं नावही ठेवलं.

सिद्धलिंगप्पानं रिटचिंगचं भिंग घेतलं, वाकून पाहिलं, फोटो फिरवून पुन्हा पाहिलं.

"पाय आहेत याला," तो शेवटी म्हणाला. "सहा."

चिकाच्या वासानं मुंगी नळीत शिरली होती आणि आतल्या भिंगावरून, सूर्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, रमतगमत फिरून आली होती.

घरी सोजरबाईनं फोटो उजेडात धरला. बुध तिला दिसलाच नाही. मुंगी लगेच दिसली. "अगं बया," ती म्हणाली, "पाय कसं भाजलं न्हाईत गं तुजं?" शकुंतला पदर तोंडाला लावून हसत होती. महिपती आधी रागावला, मग त्यालाही हसू फुटलं, आणि सोललेला गुडघा दुखेपर्यंत तो हसला.

तरी त्यातला सर्वांत स्पष्ट फोटो त्यानं पुण्याच्या एका आकाशप्रेमी मंडळाला पाठवला. बुधाशेजारी शाईनं बाण काढला. खोटं नको म्हणून मुंगीशेजारीही काढला. तीन आठवड्यांनी पोस्टकार्ड आलं: "बुध उत्तम आला आहे. आमच्याकडे त्या दिवशी दुपारनंतर आभाळ भरल्यामुळे सभासदांचे बरेच फोटो वाया गेले. आपला अहवालात घेत आहोत. मुंगीची नोंद करण्याची सोय नाही, क्षमस्व."

महिपतीनं ते कार्ड शकुंतलेला वाचून दाखवलं, मग आत्याला, मग भिंतीपलीकडे चंद्रव्वाला मोठ्यानं. संध्याकाळी सिद्धलिंगप्पाकडे जाऊन त्यानं कार्डाचाच एक फोटो काढून घेतला. तो पहिल्या झटक्यात स्वच्छ आला.