पात्रं काल्पनिक आहेत

बद्रीनाथ सरांनी कादंबरी लिहिली आणि त्या कादंबरीत मी त्यांना माफ करून टाकलं. मला न विचारता. गावाचं नाव बदललंय, माणसांची बदललीत, पण डाव्या पायानं लंगडणारी ती शिपायाची बायको मीच. शेवटच्या प्रकरणात ती म्हणे सरांना पिठलं-भाकर वाढते आणि म्हणते, 'चुकतो तोच माणूस.' असलं वाक्य माझ्या तोंडून बापजन्मात निघालेलं नाही.

माझे मालक, कडूबा, कुंभार पिंपळगावच्या एका शाळेत शिपाई होते. चौऱ्याऐंशी साली नववीच्या वार्षिक परीक्षेचे पेपर फुटले. कपाटाची किल्ली मालकांकडं असायची. चौकशीत तिथंच शिकवणाऱ्या बद्रीनाथ सरांनी सांगितलं, कडूबाला मी कपाट उघडताना पाहिलं. नोकरी गेली. पुढं अकरा वर्षं मालक लोकांच्या रानात रोजानं राबले आणि गावानं त्यांना 'पेपरचोर' म्हणून हाक मारली. पंच्याण्णव साली काविळीनं गेले.

आता माझंही सांगते. त्या उन्हाळ्यात जेवताना मीच त्यांना विचारलं होतं, "खरंच घेतले का हो तुम्ही?" ते बोलले नाहीत. ताट सारून उठले. त्यानंतर मरेपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलले. मी मनात म्हणायचे, चोर नसते तर बोलले असते.

दोन हजार दोन साली सरांनी ही कादंबरी मला पोस्टानं पाठवली. मी सातवी शिकलेली. तीन दुपारी बसून वाचली. त्यात मास्तर आपल्या मेहुण्याच्या पोरासाठी पेपर काढतो. शिपाई पाणी भरायला गेलेला, त्याचा सदरा खुंटीला, सदऱ्याच्या खिशात किल्ली. माझा नवरा चोर नव्हता हे मला चोराच्या पुस्तकातून कळलं. त्या दिवशी मी चूल पेटवली नाही. अंगाची नुसती आग झाली, अर्धी सरांवर आणि अर्धी स्वतःवर.

आठ दिवसांनी सर घरी आले. पुस्तकाला बक्षीस लागलं होतं, रविवारी अंबडला सत्कार होता. बाजेवर बसले, हात जोडले, डोळे पुसले. करून करून भागले आणि देवपूजेला लागले.

"सोनूबाई, लई वर्षं हे मनात घेऊन जगून राह्यलो. एकदा तोंडानं माफ केलं म्हणा."

"पहिल्या पानावर काय लिहिलंय, ते वाचा बरं."

त्यांनी वाचलं, 'या कादंबरीतील सर्व पात्रे व प्रसंग काल्पनिक आहेत.' मग म्हणाले, "तसं लिहावं लागतं. सगळेच लिहितात."

"मंग मी बी काल्पनिक आन् माझे मालक बी. तुमच्या त्या बाईनं माफ केलंय की. माझ्याकडं काय मागून राह्यले?"

सरांनी पुस्तक मिटलं. मी म्हटलं, "रविवारी स्टेजवर पहिल्या पानावरचं ते वाक्य खोडा. माईकवर मालकांचं नाव घ्या, तुमचं बी घ्या. मंग करते माफ."

त्यांचं तोंड पांढरं पडलं. इभ्रत, लेकीचं सासर, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून जाताना मला दिसत होतं. मला फार बरं वाटलं.

मी एसटीनं अंबडला गेले. वाटलं होतं, कच खातील. पण सर उठले, माईक धरला. "पेपर मी काढले. कडूबा शिपाई निर्दोष होता. मी खोटी साक्ष दिली." खिशातला पेन काढून त्यांनी सगळ्यांसमोर ते वाक्य खोडलं. कुणी टाळी वाजवली नाही. पहिल्या रांगेतला त्यांचा जावई उठला आणि बायकोच्या दंडाला धरून बाहेर गेला. शाल टेबलावर तशीच राहिली. आमच्या गावची चार माणसं आली होती, ती माझ्याकडं बघेनात. अठरा वर्षांनी मालकांचं नाव धुऊन निघालं होतं.

बाहेर सरांजवळ कुणी थांबलं नाही. ते एकटेच माझ्याकडं आले. "केलं मी. आता म्हणा, सोनूबाई."

"न्हाई म्हणत."

"तुम्ही शब्द दिल्ता."

"दिल्ता. खोटा दिल्ता."

सर पायरीवर बसले. "मंग माझं कसं व्हायचं? तुमच्याबिगर दुसरं कोण हाये मला माफ करणारं?"

"मला तरी कोण हाये, सर?" मी म्हटलं. "जेवत्या ताटावर मी मालकांना चोर ठरवलं. मला माफ करणारा पंच्याण्णवलाच गेला. मी जगून राह्यले, तसं आता तुम्ही बी जगा."