काळ्या कापडाखालचं हृदय

हार्डवेअरच्या दुकानावरचा तो हॉल गच्च भरला होता. प्रत्येक बाईच्या मांडीवर सोनोग्राफीचा मोठा लिफाफा, आणि खुर्च्या कमी म्हणून नवरे भिंतीला टेकलेले.

बाबांना जाऊन सदतीस दिवस झाले होते. मला काही वाटत नव्हतं. आई म्हणाली चल, म्हणून गेले.

माझ्या धाकट्या बहिणीला आठवा महिना होता. तिच्या बाळाच्या छाती-पोटामधल्या पडद्याला भोक होतं. जठर त्यातून छातीत चढलं होतं आणि हृदय उजवीकडे ढकललं गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी फिल्मवर पेनाने हृदयाभोवती गोल काढून समजावलं होतं : बाळंतपण मोठ्या हॉस्पिटलातच, जन्मल्याबरोबर श्वासाचं यंत्र, मग ऑपरेशन. आईने त्यातलं 'ऑपरेशन' तेवढं ऐकलं. "घरातलं एक माणूस गेलं, आता दुसरं नको," असं म्हणत तिने नुसता हात ठेवून बरं करणाऱ्या या हातवाल्या काकांचा पत्ता शोधला.

काकांचा आवाज बस कंडक्टरचा. "सरका, पुढे सरका! माझं कामच सरकवायचं!" लोक हसले. त्यांनी आमची फिल्म घेतली आणि कात्रीने वरची नावाची पट्टी कापून टाकली. "नावाला दृष्ट लागते." मग फिल्म दिव्यासमोर धरली.

"हृदय कुठल्या बाजूला, आजी?"

"उजव्या," आई म्हणाली.

"डॉक्टर कापतात, मी समजावतो. एवढंसं ते, प्रेमाने सांगितलं तर ऐकणार नाही होय?"

फिल्म काळ्या कापडाखाली गेली. कापडावर हात, सात मोठे श्वास. बाहेर आली तेव्हा पेनाचा गोल डावीकडे होता.

हॉलभर "अगं बाई!" झालं. आई रडायला लागली.

"आता मोठं हॉस्पिटल नको. घराजवळच बाळंत हो, पोरी. आणि पुन्हा सोनोग्राफीचं मशीन लावायचं नाही. मशीनच्या थरथरीने ते जागा सोडतं."

"ताई, होईल ना गं नीट?" धाकटीने विचारलं.

मी फिल्म हातात घेतली. बाबा फोटो स्टुडिओत निगेटिव्ह दुरुस्त करायचे. निगेटिव्ह उलटी लागली तर भांग दुसऱ्या बाजूला जातो आणि घरच्यांनाही चटकन कळत नाही. म्हणून ते सांगायचे, आधी फोटोतली अक्षरं वाच, चेहरे नंतर बघ. काकांनी पट्टी कापली होती, पण खाली कोपऱ्यात मोजमापाचा एक बारीक आकडा राहिला होता. तो आरशात दिसावा तसा उलटा होता.

"काका, हा आकडा उलटा कसा?"

"शक्ती फिरली की सगळं फिरतं, ताई."

मी फिल्म पालथी केली आणि दिव्यासमोर धरली. आकडा सुलटा झाला. गोल उजवीकडे गेला. जठराचा काळा फुगाही बाजू बदलून गेला, पण राहिला छातीतच.

"बघा! अविश्वास आला आणि परत सरकलं!" काका ओरडले.

मी पुन्हा पालथी केली. मग पुन्हा.

"बस करा ताई, बाळाला चक्कर येईल," भिंतीजवळचा एक नवरा म्हणाला. त्याने आपल्या लिफाफ्यातून फिल्म काढली, इकडून पाहिली, तिकडून पाहिली आणि बायकोला म्हणाला, "ऊठ."

पुढच्या रांगेतल्या एका बाईच्या हातात मात्र जुना, मऊ पडलेला लिफाफा होता.

"माझ्याही बाळाचं सरकलं होतं," ती म्हणाली. "घरीच झालं. निळं पडलं. काका म्हणाले, तुझ्या मनात शंका होती." तिने माझ्या हातातल्या फिल्मकडे पाहिलं. "म्हणजे ते हललंच नव्हतं?"

"नाही."

"मग माझ्या शंकेने नाही ना गेलं?"

"नाही. शंकेने काही होत नाही."

तिने मान हलवली. काका पुढच्या नंबराला हाक मारत होते. कोणी उठलं नाही.

धाकटी मोठ्या हॉस्पिटलात बाळंत झाली. चौथ्या दिवशी ऑपरेशन, मग सहा आठवडे नळीतून दूध. बाळ आता सात महिन्यांचं आहे. त्याचं वजन तक्त्यावरच्या सगळ्यात खालच्या रेषेच्याही खाली आहे, पण दर महिन्याला वर चढतं. अशी सगळीच बाळं वाचत नाहीत, तेही डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. आई अजून म्हणते, त्या दिवशी घटकाभर तरी किती बरं वाटलं होतं. मी वाद घालत नाही.

तुम्हाला एवढंच सांगते. पुन्हा तपासू नका, असं जो सांगेल, त्याच्यासमोरून उठा आणि तपासून घ्या. भीती वाटेल. भीती वाटत असतानाही तपासता येतं.