मागची भिंत

यांनी ती खिडकी पुन्हा उखडली तेव्हा मी हातातली कात्री टेबलावर आपटली. म्हटलं, "आता एक तर ही खिडकी राहील, नाहीतर मी!"

"अगं, दोन बोटं खाली घ्यायचीय फक्त," हे आतून म्हणाले. आवाज एकदम शांत. आपण रागाने फणफणत असताना समोरच्याने शांतपणे बोललं की तळपायाची आग मस्तकात जाते. कुठल्याही बाईला विचारा.

आतून म्हणजे आमच्या शेडमधल्या त्या पेटीतून. आमच्याकडे एक छोटी पिकअप आहे, तिच्या मागे जोडून ओढत न्यायची चाकांवरची खोली म्हणजे ही पेटी. एक गादी, एक शेगडी, पाण्याची टाकी, चार खण आणि दोघांपुरती हवा. हे आयुष्यभर लोकांची कपाटं करत आलेत, मी पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवते. चाकं आणि खालचा लोखंडी सांगाडा माझ्या भाच्याने करून दिला, तो वेल्डिंग करतो. म्हणजे सगळं घरातल्या घरात होतं. मग घोडं पेंड कुठे खात होतं? यांच्या पेन्सिलीत. रात्री आखायचं, सकाळी कापायचं, दुपारी उखडायचं. उन्हाळा असाच गेला, आता थंडी दाराशी आली तरी आमचं घोंगडं भिजतच होतं.

मला भांडकुदळ म्हणायच्या आधी एक ऐकून घ्या. माझे डोळे चाललेत. कडेचं दिसायचं बंद झालंय, मधलं तेवढं उरलंय, नळीतून बघितल्यासारखं. सुई दिसते, दार दिसत नाही. अंधार पडला की काहीच नाही. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणारी आहे. म्हणाली, "तपासायला पुढच्या वर्षीही या, पण काही बघायचं राहिलं असेल तर यंदाच बघून घ्या."

राहिलं होतं ना. बर्फाचे डोंगर. लग्न झाल्यापासून "पुढच्या वर्षी नक्की" चाललं होतं. मी म्हटलं, बसने जाऊ. हे म्हणाले, परक्या ठिकाणी परके जिने, तू पडशील. एकदा पडलेच होते मी, मनगट मोडून घेतलं होतं, त्यामुळे तोंड उघडायला जागा नव्हती. मग यांनाच सुचलं: तुला ओळखीची खोलीच बरोबर नेऊ. मी इतकी खूश झाले की शेजारणीला बोलावून सांगितलं. चूक झाली. तेव्हापासून ती रोज कुंपणावरून विचारायची, "काय, निघालात का?"

सुरुवातीला मलाही मजा वाटली. यांनी शेडच्या फरशीवर खडूने खोलीचा आकार काढला, खरोखरच्या मापाचा, आणि मला त्यात आडवी व्हायला लावलं. "हात वर कर. पाय ताण. कूस बदल." मी कूस बदलली की हे माझ्या कोपराशी खडूची खूण करायचे. म्हटलं, "माप घेताय की मुडदा पडल्याचा पंचनामा करताय?" हे हसले नाहीत. कामात असले की यांना विनोद दुसऱ्या दिवशी कळतो.

खिडकीवरून भांडण झालं त्या दिवशी हे खिळे आणायला बाहेर गेले तेव्हा मी आत शिरले. एरवी हे कुणाला आत फिरकू देत नव्हते, भाच्यालासुद्धा नाही. मी भिंतीला हात लावून पुढे सरकले. प्रत्येक कोपरा घासून गोल केलेला. गादीपासून दारापर्यंत कमरेच्या उंचीवर लाकडी कठडा, मध्ये कुठेही न तुटणारा. खणांच्या कडांना खाचा पाडलेल्या. चमच्यांच्या खणाला एक खाच, कपांच्या खणाला दोन, औषधांच्या खणाला तीन. बोटाला लगेच लागतील अशा.

डोळे मिटूनही सगळं सापडत होतं. ते कळलं आणि मी मटकन गादीवर बसले.

हे परतले तशी मी सुरू झाले. "ही गाडी कोणासाठी करताय?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी नाही. मी आंधळी झाल्यावर जी बाई होईन ना, तिच्यासाठी करताय. तिला कठडा, तिला खाचा! आणि मला काय? मला बघायचंय हो! ती बाई आली की मग बैल गेला आणि झोपा केला!"

हे खिळ्यांची पुडी हातातल्या हातात फिरवत उभे राहिले. म्हणाले, "खिडकी आज बसवतो." बस, एवढंच.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पाय नुसते हलत होते. उठून चालावं म्हटलं तर अंधारात चालणार कुठे?

दुसऱ्या दिवशी भाचा आला तो बातमी घेऊनच. "मावशी, डोंगराकडचा रस्ता या आठवड्यात बंद करतायत म्हणे. बर्फ लवकर आलाय. उघडेल तो थेट उन्हाळ्यात."

मी यांच्याकडे बघितलं. म्हणजे मान वळवून वळवून यांना नळीत आणलं आणि मग बघितलं. "ऐकलंत?"

"आधी ओढून तर बघू," हे म्हणाले.

टाकी भरली, पेटी पिकअपला जोडली आणि आम्ही तिघं पुढे दाटीवाटीने बसून निघालो. गावातून छान चाललं. शेजारीण कुंपणावर होती, मी मुद्दाम हात केला. मोठ्या रस्त्याला लागलो, यांनी जरा वेग घेतला, आणि मागून कुणीतरी गाडीला धरून हलवतंय असं वाटायला लागलं. आधी थोडं. मग पेटी डावीकडे गेली, उजवीकडे गेली, आणि दर झोक्याला आमची पिकअपच ओढायला लागली. समोरून ट्रक येत होता. मला ट्रक दिसला नाही, त्याचा भोंगा तेवढा ऐकू आला. "काका, ब्रेक नका मारू, नुसता पाय काढा!" भाचा ओरडला. यांनी पाय काढला. ट्रक गेला. पेटी दोन-चार झोके खाऊन शांत झाली आणि आम्ही कडेला थांबलो. माझ्या हातात भाच्याची बाही होती, मुठीत चुरगळलेली.

भाचा उतरला. त्याने जोड सोडवला आणि पेटीचा पुढचा दांडा एका हाताने वर उचलला. पिशवी उचलावी तसा.

"काका, हे बघा. नाकावर वजनच नाही. सगळा भार शेपटीला आहे, मग ती नाचणारच." दार उघडून तो आत डोकावला. "टाकी मागे, शेगडी मागे, बॅटरी मागे, खण मागे! सगळं मागच्याच भिंतीला का टांगलंत?"

"भार मागच्याच भिंतीला द्यायचा असतो," हे म्हणाले. "कुठलंही कपाट बघ."

"कपाटामागे घराची भिंत असते, काका. हिच्यामागे रस्ता आहे."

हे ओशाळले. हात मागे बांधून पेटीकडे बघत राहिले. मला वाईट वाटलं. मग हे म्हणाले, "सगळं उघडतो. टाकी पुढे घेतो, खण पुढे, कठडा नव्याने करावा लागेल. हिवाळा जाईल यात. घाई नको करायला."

मी इतकी वर्षं या माणसाचा आवाज ऐकतेय. त्या आवाजात सुटल्याचा भाव होता.

"तुम्हाला बरं वाटलं," मी म्हटलं. "गाडी बिघडली म्हणून तुम्हाला बरं वाटलं!"

भाचा टायर बघायचं निमित्त करून पलीकडे गेला. शहाणा आहे पोरगा.

"बोला की! मुद्दाम लांबवत होतात ना?"

यांनी पेटीच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाले, "आधी नव्हतो लांबवत. मग... बघून घ्या म्हणाल्या ना त्या डॉक्टरीणबाई. एकदा बघून घेतलंस की संपलं. गाडी अर्धी आहे तोवर तुला काहीतरी बघायचं शिल्लक आहे. आणि माणसाला बघायचं शिल्लक असलं की डोळे असे जात नाहीत, असं मला आपलं... हसू नकोस."

मी हसत नव्हते. मला यांना धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं आणि कुशीत घ्यावंसंही वाटत होतं. दोन्ही एकदम कसं करायचं ते कुणी शिकवत नाही.

"अहो, डोळे काय तुमची गाडी पूर्ण व्हायची वाट बघत थांबणार आहेत?" मी म्हटलं. "मला रोज सकाळी भीती वाटते. जाग आली की आधी छताचा कोपरा शोधते. तो सापडेपर्यंत श्वास घेत नाही. तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही आणखी एक कठडा केला असता."

"मला दुसरं काय येतं गं?" हे म्हणाले.

"गाडी चालवता येते."

यांना कळलं नाही. मी पेटीत चढले, कठड्याला धरून गादीपाशी गेले आणि ती ओढायला लागले. "पोरा, इकडे ये! ही गादी पिकअपच्या हौद्यात टाक. वर ताडपत्री बांध. तुझ्या मित्राचा टेम्पो मागवून ही पेटी घरी घेऊन जा."

"आत्ता निघायचं?" हे म्हणाले. "कपडे? जेवणखाण? हौदा उघडा आहे, थंडी..."

"थंडी वाजली तर दोघं जवळ झोपू. रस्ता आहे तोवर निघायचं."

भाच्याने गादी हौद्यात सरकवली. बरोब्बर बसली, कुणी मापं न घेता. तो ताडपत्रीच्या दोऱ्या आवळत होता, एक टोक त्याने यांच्या हातात दिलं. हे गाठ मारायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. खांदे हलताना मला दिसले. बाकीचे हे नळीत मावत नव्हते, खांदे तेवढे मावत होते.

मी जवळ गेले. "अहो, रडायचं असेल तर आत्ताच पोटभर रडून घ्या. चालवताना डोळे पुसत बसलात तर जमायचं नाही. एका गाडीत एकच आंधळं माणूस पुरे."

"दोन मिनिटं दे," हे म्हणाले.

मी दिली.