पेरलेले अळीव

अण्णांचं साताऱ्याला परत जायचं तिकीट रविवारचं होतं आणि घरात कुणीही त्याबद्दल बोलत नव्हतं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर माझा नवरा जयंत त्यांना आमच्याकडे, दिल्लीत मयूर विहारला घेऊन आला. आले, पण पाहुण्यासारखे राहिले. मी कपाटातला एक खण रिकामा करून दिला होता, तो रिकामाच राहिला. कपडे बॅगेतून निघायचे आणि बॅगेत जायचे. "सपाट आहे गं तुमची दिल्ली. नजर टेकवायची कुठे?" म्हणायचे. मला राग यायचा. साताऱ्याच्या त्या बंद घरात तरी कोण वाट बघत बसलं होतं? पण जाऊ नका म्हणून मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? जयंत तर वडिलांसमोर ऑफिसातल्यापेक्षाही गप्प असतो.

त्यातच आमच्या लेकीने, वृंदाने शाळेतून फर्मान आणलं. माणसांची पहिली शहरं कशी वसली, त्याचं मातीचं मॉडेल, पुढच्या गुरुवारच्या प्रदर्शनासाठी. मातीचं म्हटल्यावर अण्णांनी पेपर खाली ठेवला. साताऱ्यात गल्लीतला दिवाळीचा किल्ला दरवर्षी त्यांच्याच हुकमतीत व्हायचा.

"बाजूला व्हा," म्हणाले आणि बाल्कनीत प्लायवूडवर कामाला लागले.

संध्याकाळी पाहते तर भलाथोरला डोंगर, वर तटबंदी, बुरूज, आणि नदी बिचारी पार खाली कोपऱ्यात.

"आजोबा, हा तर फोर्ट झाला," वृंदा रडकुंडीला आली. "शहर नदीजवळ पाहिजे. बिल्कुल फ्लॅट जमिनीवर."

"उघड्यावर? आणि शत्रू आला तर?"

"पण शेती कुठे करणार? पाणी कोण वर नेणार?"

अण्णा ओशाळले. सगळा जन्म डोंगराच्या पायथ्याशी गेला. माणसांनी राहायचं म्हटलं की त्यांची नजर आपली वरच जायची. आता हात झटकून आत जातील, असं मला वाटलं. पण त्यांनी खुरपं घेतलं आणि स्वतःच डोंगर पाडायला सुरुवात केली.

"नाहीतरी दगड मिळालाच नव्हता," ते म्हणाले. "सगळा परिसर पालथा घातला. नुसती गाळाची माती. इथली माणसं घरं बांधणार कशाने?"

"विटांनी. दगड नव्हता म्हणूनच तर," वृंदा म्हणाली.

मग काडेपेटीच्या रिकाम्या खोक्यात माती दाबून दोघांनी विटा पाडल्या. सरळ रस्ते झाले, विहीर झाली, घरं झाली. चिखल माझ्या पडद्यांपर्यंत पोहोचला आणि मी, चक्क मी, नुसते पडदे वर खोचले.

शनिवारी सगळं झाल्यावर अण्णांनी स्वयंपाकघरातून लाडवांसाठी आणलेले अळीव घेतले, भिजवले आणि नदीच्या दोन्ही काठांनी पसरले.

"किल्ल्यावर अळीव ही पेरायची," ते म्हणाले. इथे आल्यापासून सासूबाईंचा विषय त्यांनी पहिल्यांदाच काढला.

"म्हणजे हे शेत," वृंदा म्हणाली. "मॅम म्हणाल्या, आधी लोक फिरतच असायचे. मग त्यांनी पेरलं. पेरल्यावर सोडून कसं जाणार? उगवेपर्यंत थांबावं लागलं. म्हणून गावं झाली." मग तिच्या काहीतरी लक्षात आलं. "आजोबा, तुम्ही तर उद्या जाणार. ह्याला पाणी कोण देणार?"

अण्णा मातीच्या बोटांनी काठावरचे अळीव सारखे करायला लागले. वृंदा माझ्याकडे बघायला लागली.

"माझ्याकडे बघू नका," मी म्हणाले. "माझ्या हातून साधी तुळस जगत नाही."

माझ्या मागेच कुंडीत माझी तुळस कमरेएवढी वाढलेली होती. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"खरं आहे," ते म्हणाले. "तुझ्या हाताला गुणच नाही."

संध्याकाळी इस्त्रीचे कपडे ठेवायला मी त्यांच्या खोलीत गेले. बॅग पलंगाखाली सरकवलेली होती आणि कपाटातल्या खणात त्यांचे सदरे होते.