गरम इंजिनाचा सेल्फ

ट्रक सकाळी एका फटक्यात सुरू व्हायचा. दुपारी माल उतरवायला इंजिन बंद केलं, की मात्र सेल्फ मारल्यावर नुसतं 'टक्' व्हायचं आणि पुढे शुकशुकाट. तासाभराने इंजिन निवलं की पुन्हा जणू काही झालंच नव्हतं.

वहिनी सहा वर्षं हा ट्रक चालवत होती. आधी तिचा नवरा चालवायचा. पाठीच्या ऑपरेशननंतर तो घरी बसला, तसं तिने परवाना काढून स्टिअरिंग हातात घेतलं. आता गेल्या दोन महिन्यांत मिस्त्रीने बॅटऱ्या बदलल्या, इंजिन फिरवणारी सेल्फची मोटरच बदलली आणि शेवटी हात झटकले. "वय झालंय गाडीचं. भंगारात घाला." ज्या गोदामाच्या फरशा ती वाहायची, तिथला माल तीनदा उशिरा पोचल्यावर मॅनेजरनेही बजावलं, "सोमवारपासून या गाडीला माल नाही."

नवरा म्हणाला, "सोड नाद. विकून टाकू."

"गाडी तुमच्या नावावर असेल, पण किल्ली माझ्याकडे आहे," वहिनी म्हणाली आणि तडक नणंदेच्या दुकानात गेली.

नणंद विजेच्या मोटारी वाइंड करायची, जळकी तार काढून नवी गुंडाळायची. पंप, पंखे, मिक्सर, जे जळेल ते तिच्याकडे यायचं. तिने हातातली तांब्याची तार खाली न ठेवता सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "मिस्त्री गाडी तपासतो कधी?"

"सकाळी. रात्रभर त्याच्याकडेच उभी असते ना."

"म्हणजे ताप उतरल्यावर नाडी बघतो! उद्या दुपारी बघू. चांगली तापवून आण. गोदामातच आण."

"सगळ्यांसमोर?"

"मग काय लपूनछपून करायचं? आपण काय चोरी केलीय?"

दुसऱ्या दिवशी दीड वाजता वहिनीने ट्रक गोदामाच्या आवारात आणून बंद केला. लगेच सेल्फ मारला. टक्. सावलीत बसलेले हमाल हसले. मॅनेजर दारात येऊन उभा राहिला. कोणीतरी निरोप दिला असावा, कारण मिस्त्रीही आला.

नणंदेने मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी इंजिनाला. "मार सेल्फ." काटा तीन व्होल्टवर गेला. "इथे अर्धासुद्धा दिसायला नको. अर्थिंग गेलंय."

"अर्थिंग मी स्वतः बघितलंय," मिस्त्री म्हणाला. "बोल्ट टाइट आहे."

नणंदेने पान्याने बोल्ट खोलला. अर्थिंगच्या तारेच्या टोकाखाली चासीच्या लोखंडावर रंगाचा थर होता आणि त्यावर हिरवट भुकटी. "टाइट आहे, मिस्त्री. पण रंगावर टाइट आहे."

या वेळी हमाल मिस्त्रीकडे बघून हसले. तिने लोखंड पांढरं होईपर्यंत घासलं, बोल्ट आवळला. वहिनीने सेल्फ मारला.

टक्.

"झालं समाधान?" मॅनेजर म्हणाला. "आता क्रेन बोलवा आणि जागा मोकळी करा."

वहिनीने हे ऐकलं. पण ती केबिनमधून उतरली नाही. "गाडी हलेल तेव्हा स्वतःच्या चाकांवर हलेल," तिने वरूनच सुनावलं. "क्रेन आणलीत तर मला आत बसलेलीच ओढून न्या."

"भांडण नंतर कर," नणंद गाडीखालून म्हणाली. "आधी सेल्फ मार." आता पिना बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि सेल्फच्या बोल्टला होत्या. मीटरने चार व्होल्ट दाखवले. मधल्या केबलमध्येच करंट मरत होता. केबलवरून हात फिरवत ती पुढे सरकली आणि "आई गं!" म्हणून तिने हात मागे ओढला. केबल सायलेन्सरच्या पाइपाला जवळजवळ चिकटून गेली होती. वरचं कव्हर वाळक्या पानासारखं चुरत होतं. आतलं तांबं काळंठिक्कर पडलं होतं.

"थंड असताना कसंबसं रेटतं हे," ती म्हणाली. "तापलं की याचा जीव जातो. नवा सेल्फ घाला नाहीतर सोन्याचा घाला, त्याच्यापर्यंत पोचायला तर हवं!"

मिस्त्रीने वाकून बघितलं. केबलला बोट लावून बघितलं. मागे सायलेन्सर बदलताना ती केबल त्यानेच तिथे अडकवली होती. "जाड केबल आहे माझ्याकडे," तो हळूच म्हणाला. "आणून बसवून देतो."

"आणा," वहिनी म्हणाली. "बसवणार आम्ही."

दोघींनी नवी केबल पाइपापासून लांब, चासीच्या कडेने नेली. मध्ये पत्र्याचा आडोसा ठोकला. सेल्फ मारताच इंजिन धडधडलं.

"एवढ्या वेळात निवलंच असेल," मॅनेजर म्हणाला. "थंड झाल्यावर रोजच सुरू होते ही."

"खरंय तुमचं. मग भरा माल."

मॅनेजरने सांगायच्या आधीच हमाल उठले. फरशांनी भरलेला ट्रक वहिनीने टेकडीचा चढ चढवून, माल पोचवून, तापल्या इंजिनानिशी परत आणला आणि बरोबर गोदामाच्या फाटकात आडवा उभा केला. इंजिन बंद केलं. किल्ली काढून मांडीवर ठेवली आणि बाटली काढून ती सावकाश पाणी प्यायला लागली. मागे गाड्यांची रांग लागली, शिव्या सुरू झाल्या. मॅनेजर धावत आला.

"अहो, हटवा गाडी!"

"हटवते. दहा मिनिटं होऊ द्या, बंद केल्यावरच आतली उष्णता सगळीकडे पसरते." तिने बाटलीचं झाकण सावकाश लावलं. दहा मिनिटांनी किल्ली फिरवली. ट्रक सुरू झाला. तिने तो बंद केला. पुन्हा सुरू केला. पुन्हा बंद.

"अजून दाखवू?"

"बास, बाई, बास! सोमवारी सकाळी सातला या."

"सातला नाही येणार. दुपारी एकचा माल द्या. तोच हवाय मला."

तो मान हलवून आत गेला. पलीकडच्या दारातून नणंद वर चढली. पोळलेल्या बोटांवर तिने ओला रुमाल गुंडाळला होता. समोर एक टेम्पो रस्ता अडवून उभा होता. वहिनीने हॉर्न दाबला. आवाजच नाही.

"ती वायर पण जळालेली होती," नणंद म्हणाली. "तोडून टाकली. उद्या बसवते."

वहिनीने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि सगळं आवार दणाणेल असा आवाज दिला, "ए टेम्पो! बाजूला हो!"

टेम्पो बाजूला झाला.