महाराजांच्या आधी पडद्यावर

कारेगावच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला सात वाजता चहा मिळतो. सतीशनं कागदी कप बाकावर ठेवला, मोबाईल काढला आणि गावच्या सप्ताहाचं कीर्तन लाईव्ह लावलं. खरं सांगायचं तर आज त्याला कीर्तनापेक्षा पडदाच बघायचा होता. व्यासपीठामागचा तो मोठा एलईडी पडदा पाच वर्षं त्याच्या हाताखाली होता. महाराजांनी प्रमाणाला, म्हणजे बोलण्याच्या आधाराला, अभंग घेतला की त्याच्या ओळी पडद्यावर आणायच्या, म्हणजे पार मागं बसलेल्या बायाबापड्यांनाही बरोबर म्हणता येतं. कल्पना सतीशचीच. त्यासाठी त्यानं अकराशे अभंग एका बोटानं टाईप केले होते. तीन हिवाळे गेले होते त्यात. यंदा तिसऱ्या दिवशी नेमकी रजा मिळाली नाही, म्हणून भावकीतल्या बाळासो आप्पांच्या सुनेला, स्वप्नालीला, एका दिवसापुरतं लॅपटॉपवर बसवलं होतं.

मोबाईलमध्ये महाराजांनी प्रमाण उचललं. दोन शब्द तोंडातून निघतात न निघतात तोच अख्खा अभंग पडद्यावर. पुन्हा दुसरं प्रमाण, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी महाराज बोलता बोलता थांबले, वळून पडद्याकडं बघितलं आणि हसले.

"आरं, कोण माऊली बसलीय तिथं? मी म्हणायच्या आत पडद्यावर! लोकांना वाटायचं, मीच वाचून दाखवतोय."

मांडव खदखदून हसला. मोबाईलवर खाली कुणीतरी लिहिलं, 'स्क्रीनवाल्या ताई एक नंबर.' लगेच अंगठ्यांची रांग लागली.

सतीशनं मनात हिशेब घातला. पाच सप्ताह, म्हणजे पस्तीस कीर्तनं. पस्तीस महाराजांपैकी एकानं म्हणून मागं वळून बघितलं नव्हतं. हो, एकजण बोलले होते. "पडदा येईपर्यंत आपण एक दृष्टांत घेऊ" एवढंच. चहावर साय धरली होती. त्यानं तो तसाच बादलीत ओतला.

सकाळी त्याची बायको सविता भाकरी थापता थापता म्हणाली, "काल लई रंगलं बाई कीर्तन."

"हं."

"महाराजांनी तोंड उघडलं की अभंग हजर. बघत ऱ्हावं असं."

"ऐकलं मी."

"तुमचा बी पडदा चांगलाच असतो, न्हाई असं न्हाई. जरा सवडीनं येतो, येवढंच. पावणा हात धुवून उठल्यावर वाढपी यावा, तसा."

सविता गालातल्या गालात हसली. सतीशनं ठेच्याचा मोठा गोळा भाकरीवर घेतला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्ला.

चौथ्या दिवसापासून त्याची रजा होती. संध्याकाळी कीर्तनाच्या तासभर आधीच तो मांडवात पोचला. "ऊठ बाई, आलो मी," हे वाक्य त्यानं वाटेत दोनदा घोळवलं होतं. स्वप्नाली टेबलाशी बसलेली होती. माऊस वायर गुंडाळून बाजूला ठेवलेला. सतीशनं तोंड उघडायच्या आत बाळासो आप्पा आडवे आले. सप्ताहाची सगळी सूत्रं त्यांच्याकडं.

"सतीश, तू निवांत बस आता. पाच वर्षं राबलास. जरा कीर्तन ऐक की लेका."

"म्हंजी आज बी हीच?"

"आजच न्हाई, शेवटपातूर. काल्याला कालचेच महाराज हायती. त्यांनी जातानाच सांगितलंय, हीच पोरगी पायजे म्हनून."

काल्याला! सप्ताहाचा शेवटचा दिवस. पाच गावची माणसं येतात, तळेगाव ढमढेऱ्यापासून जीपा भरून लोक येतात, दह्याची हंडी फुटते. त्या दिवशी लॅपटॉपमागच्या खुर्चीत बसायचं म्हणून सतीश वर्षभर एक इस्त्रीचा सदरा वेगळा ठेवायचा. आता ती खुर्ची दौंडहून लग्न होऊन आलेल्या, गावात दोन वर्षंसुद्धा न झालेल्या पोरीची!

तो तिच्या मागं सतरंजीवर बसला. टाळ वाजत होते, वीणा चालू होती, पण त्याचे डोळे तिच्या बोटांवर. उजवा हात माऊसकडं जातच नव्हता. डाव्या करंगळीनं कोपऱ्यातलं कंट्रोल दाबून धरायची, दुसऱ्या बोटानं एफ. एक छोटी चौकट उघडायची. त्यात महाराजांच्या तोंडचा पहिला शब्द टाकला की अभंग समोर. मग पुन्हा कंट्रोलबरोबर एकदोन बटणं, आणि ओळी पडद्यावर. सतीश माऊसनं फाईल खाली ओढत ओढत जायचा. अमका अभंग साधारण कुठं, ते त्याला ठाऊक असायचं, तरी दहा-बारा पानं मागंपुढं व्हायचीच. तेवढ्यात महाराज पुढच्या गावाला गेलेले असायचे.

कीर्तन सुटल्यावर त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुठं शिकलीस गं हे?"

"सणसवाडीला, भावजी. लग्नाआधी कंपनीत डिस्पॅचला व्हते. माझा माऊस बिघडला तर तीन महिने नवा दिलाच न्हाई त्यांनी. मग काय करती? सगळं बटणांवरच." ती हसली. "शिकवू का? लई सोपं हाय."

'लई सोपं' हे शब्द सतीशला झोंबले.

"येतंय मला," तो म्हणाला.

घरी येऊन त्यानं आपला जुना कॉम्प्युटर उघडला. कंट्रोल, एफ. चौकट आली. शब्द टाकला. काही सापडलं नाही. दुसरा टाकला. नाही. अकराशे अभंग समोर पसरलेले, आणि कॉम्प्युटर म्हणतो, असा शब्दच नाही!

दुसऱ्या दिवशी त्याचा खुलासा झाला, तोही न विचारता. स्वप्नाली शेजारच्या शितलला सांगत होती, "भावजींच्या फाईलीतला फॉन्ट जुना व्हता. आपल्याला मराठी दिसतं, पन कॉम्प्युटरला ती भलतीच अक्षरं वाटत्यात, म्हनून शोधलं तर गावत न्हाई. मी सगळी फाईल नव्या फॉन्टात घेतली. एका सांजंत झालं."

एका संध्याकाळी. तीन हिवाळे त्यानं पाळीवरून आल्यावर शेगडीजवळ बसून एकेक काना, एकेक वेलांटी शोधली होती. आणि हिनं ते सगळं एका संध्याकाळी उचलून आपलंसं केलं! अभंग संतांचे, हे त्याला कळत होतं. तरी त्या क्षणी त्याला ते स्वतःचेच वाटत होते, आणि कुणीतरी आपल्या दारातून भरली गाडी हाकून नेल्यासारखं होत होतं. पहाटे काकड्याला तो उभा राहिला. देवाच्या मुखाकडं बघताना रोज त्याला भरून यायचं. आज काही केल्या मन तिथं टिकेना. डोळ्यांसमोर एक काकण घातलेला हात आणि दोन बोटं.

काल्याच्या दिवशी सकाळी बाळासो आप्पांच्या पडवीत लॅपटॉप चार्जिंगला लावलेला होता. घरातली सगळी स्वयंपाकाच्या मंडपात. सतीशनं पेनड्राईव्ह लावला. नवी फाईल पेनड्राईव्हवर घेतली, लॅपटॉपवरची पुसली आणि तिच्या जागी आपली जुनी फाईल त्याच नावानं ठेवली. घाईत कुणाला फरक कळला नसता. देवळातून वीणेचा झंकार येत होता. सात दिवस खाली न ठेवलेली वीणा. सतीशनं पेनड्राईव्ह काढून खिशात टाकला. काम झालं होतं.

काल्याला मांडव फुटेस्तोवर माणूस भरला. सतीश इस्त्रीचा सदरा घालून टाळकऱ्यांच्या मागं उभा राहिला. महाराज रंगात आले. या महाराजांची एक लकब होती: प्रमाणाची अर्धी ओळ स्वतः म्हणायची आणि हात पुढं करून उरलेली अर्धी लोकांकडून घ्यायची. त्यांनी एक नेहमीच्या म्हणण्यात नसलेला अभंग उचलला, अर्धी ओळ म्हटली आणि हात पुढं केला.

पडदा कोरा.

स्वप्नालीनं शब्द टाकला. काही नाही. पुन्हा टाकला. मग फाईल खाली ओढू लागली, पण कुठला अभंग कुठं आहे हे तिला काय माहीत? मानेवर घाम आलेला सतीशला इथून दिसत होता. तिनं ओठ दातांत धरले. माणसं मागं वळून बघू लागली. एक म्हातारी म्हणाली, "काय झालं गं पोरी?"

सतीशला गार वाटलं. खोटं कशाला बोला, वाटलं. ओल्या फडक्यानं कपाळ पुसावं तसं. पण ते टाळाच्या दोन ठोक्यांपुरतंच.

कारण महाराजांचा हात अजून पुढंच होता, आणि मांडवातून एक आवाज येत नव्हता. महाराजांच्या मागं उभी असलेली दोन्ही गायक पोरं सवयीनं पडद्याकडंच बघत होती. मृदंगावरचा हात वर उचललेला तसाच राहिला. हजार-बाराशे माणूस, आणि देवाची ओळ अर्धी लोंबकळत. पाच वर्षांत सगळ्यांनी पाठांतर सोडून पडद्यावर भरवसा ठेवला होता, आणि तो भरवसा सतीशनंच दिला होता. आपण स्वप्नालीला अडवायला गेलो आणि कीर्तनालाच पाय लावला, हे त्याच्या ध्यानात आलं.

उरलेली अर्धी ओळ त्याला येत होती. अकराशेच्या अकराशे येत होते. एका बोटानं टाईप केलेलं माणूस विसरतो होय? त्याचा गळा घोगरा, जन्मात चारचौघांत गायला नव्हता. तरी त्यानं डोळे मिटले आणि ओळ म्हटली. बेसूर. पण टाळकऱ्यांनी ती झेलली, मृदंगावर थाप पडली, गायकांनी वर नेली, आणि सगळा मांडव डोलायला लागला. पुढचं कडवं सतीश, त्याच्या पुढचं सतीश. शेवटी विठ्ठलनामाचा गजर झाला तेव्हा बायका रडत होत्या.

"या, माऊली, या पुढं!" महाराजांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढला. "बघा, ह्याला म्हणतात पाठांतर. यंत्र बंद पडलं, पण हा भक्त बंद पडला न्हाई! काय नाव?"

"सतीश," आप्पा अभिमानानं ओरडले. "आमच्या भावकीतला!"

टाळ्या. नाव घेऊन कौतुक, आणि तेही काल्याच्या कीर्तनात. पाच वर्षं ज्याची वाट बघितली ते हातात आलं, आणि सतीशला तो हार निखाऱ्याचा वाटला. त्यानं महाराजांच्या पायावर डोकं ठेवलं. महाराजांनी उठवून उराशी धरलं. तिथं, त्यांच्या कानाशी, त्याच्या तोंडून निघून गेलं, "महाराज, तिची फाईल मीच बदलली. जळत व्हतो मी."

महाराजांच्या उपरण्याला बारका माईक लावलेला होता. सतीशचा घोगरा आवाज मांडवातल्या आठही कर्ण्यांतून घुमला, हमरस्त्यावर जीपांशी उभ्या असलेल्या लोकांपर्यंत गेला.

 बाळासो आप्पांचं तोंड उघडंच राहिलं. बायकांत बसलेल्या सवितानं पदर डोळ्यांवर ओढला. महाराजांनी त्याचा दंड धरला. मग म्हणाले, "निघालं पोटातलं, बरं झालं. आता मला पुढचं प्रमाण घ्यायचंय. पडद्याचं काय करता?"

तेवढ्यात टेबलावरून स्वप्नालीचा आवाज आला. लाल झालेल्या डोळ्यांनीच ती उभी होती.

"नवी फाईल कुठाय, भावजी?"

"खिशात."

"मग द्या की हिकडं! हार मागनं मिरवा!"

आधी एक म्हातारी हसली, मग तिच्या शेजारची, मग सगळा मांडव. सतीश वाट काढत टेबलापाशी गेला आणि पेनड्राईव्ह दिला. आप्पा जवळून जाताना पुटपुटले, "तुझं बघतो मी, जेवनं उरकू दे." सतीशनं मान हलवली. हार काढून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि तिच्या शेजारी खालीच बसला. ती त्याच्याकडं बघायला तयार नव्हती.

महाराजांनी प्रमाण उचललं. दोन शब्द, आणि अभंग पडद्यावर. सगळा मांडव एका सुरात. सतीशच्या छातीत पुन्हा तीच कळ उठली. कबूल केलं म्हणून ती कुठं गेली नव्हती. हार काढून ठेवता येतो, जळणं नाही काढून ठेवता येत. पण या वेळी त्यानं नजर दुसरीकडं वळवली नाही. तिच्या डाव्या हाताकडं नीट बघितलं आणि हळूच विचारलं,

"ते कंट्रोल दाबून सोडायचं, का धरून ठेवायचं?"

"धरून ठेवायचं," स्वप्नाली पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "आन् बोलू नगा आता, महाराज पुढं गेले."